पुठ्ठ्यावरचे शब्द

दुसरीचा वर्ग माझ्याकडे दिवाळीनंतर आला. आधीच्या बाई सुट्टीत अचानक वारल्या होत्या. मी डी.एड. होऊन सहा वर्षं चाकणला कंपनीत क्वालिटीला काढलेला माणूस. मापाच्या गेजमधून गेला की पार्ट पास, एवढं अध्यापनशास्त्र शिल्लक होतं. मोशीच्या पुढच्या एका शाळेत कंत्राटी जागा निघाली आणि मी खडू हातात घेतला.

पहिल्या दिवशी वर्गात शिरलो तर मॉनिटर मुलगी पुढे उभी राहून शब्दपट्टी दाखवत होती आणि तीस मुलं एका सुरात म्हणत होती, "पाऽणी. हं. झाऽड. हं. घऽर. हं."

प्रत्येक शब्दामागे तो "हं". समाधानाचा, जरा नाकातला, पन्नाशीच्या बाईचा. मला वाटलं, कार्टी माझी खिल्ली उडवताहेत. मी छडी आपटली. मुलं गप्प झाली आणि पुढच्या पट्टीला तोच "हं" कुजबुजून आला.

शेजारच्या वर्गावरच्या बाई इथल्याच, जुन्या गावातल्या. त्या दारातून म्हणाल्या, "सर, ओरडू नगा. त्यो हं बाईंचा हाय. पोरांनी शब्दासंगंच पाठ केलाय."

त्या दिवसापासून माझ्या पाठीला कुणीतरी उभं असल्यासारखं वाटू लागलं. फळ्यावर लिहिताना तर जास्तच. मी एक शब्द लिहायचा आणि मागून तीस तोंडांतून ती बाई मला पास करायची.

तरी मनातून खूश होतो. वर्ग आयता वाचायला शिकलेला! मुख्याध्यापिकाबाईंनी वाचनाचा तक्ता भरायला सांगितला, तर मी पट्ट्यांचा डबा घेऊन बसलो आणि एकेकाला बोलावून धडाधड बरोबरच्या खुणा करत सुटलो. बाईंच्या जुन्या तक्त्यात एका मुलीपुढची चौकट कोरी होती. राहून गेली असेल म्हणून मी तीही भरली. कारण तीच तर सगळ्यांत तल्लख. वडील परभणीकडचे, कंपनीत ठेकेदाराकडे लोडिंगला. ही जूनमध्ये नवीन आलेली. पट्टी पुरती वर यायच्या आत शब्द हजर. स्टाफरूममध्ये मी तिच्या वाचनाची बढाई मारली, जणू मीच शिकवलं होतं.

मग मला नवं काहीतरी करायची हुक्की आली. बाईंच्या पट्ट्या म्हणजे पालकांनी कंपन्यांतून आणलेल्या खोक्यांचे तुकडे. मळके, वेडेवाकडे, कडेला काहीबाही छापलेले. मी तेच साठ शब्द पांढऱ्या कागदावर टाइप करून, लॅमिनेट करून आणले. वर्गात "टाऽडा" म्हणून जादूगारासारखी पहिली पट्टी काढली.

तीन-चार मुलं अडखळत वाचू लागली, मग बरीच. ती मुलगी मात्र गप्प. तिला पुढे बोलावून पट्टी हातात दिली. तिनं ती उलटीसुलटी केली, कडा तपासल्या.

"सर, ह्याच्यावर काहीच नाही."

"अगं, पाणी लिहिलंय ना!"

"पाण्यावर छत्री असती."

मी डब्यातली जुनी पट्टी काढली. कोपऱ्यात खरंच छत्री होती, खोकं पावसात ठेवू नका सांगणारी. झाडावर वरची बाजू दाखवणारा बाण. घरावर फुटक्या पेल्याचं अर्धं चित्र. साठच्या साठ शब्द तिनं असे डागांवरून, चिकटपट्टीवरून, शाईच्या ठिपक्यांवरून पाठ केले होते. अक्षर एकही येत नव्हतं.

मधल्या सुट्टीत शेजारच्या बाईंना सांगितलं. त्या जेवणाचा डबा बंद करत म्हणाल्या, "बाईंना ठावं व्हतं की. दिवाळी झाल्यावर तिला पयल्यापासनं घेनार व्हत्या. म्हनून तर खूण केली नव्हती."

म्हणजे ती कोरी चौकट बाईंनी मुद्दाम ठेवली होती, आणि मी ती शहाणपणानं बुजवली होती. त्या दुपारी मुलांचा "हं" पुन्हा पाठीमागून आला. आधी पाठीमागची बाई मला पास करत होती. आता ती वाट बघत होती.

दुसऱ्याच दिवशी तपासणीला साहेब येणार होते. तक्ता वर गेलेला. मी स्वतःला म्हटलं, एवढी तपासणी निभावू, सोमवारपासून तिला धरून शिकवू. आणि जुना डबा काढला. साहेबांनी नेमकी तिलाच उठवली. तिनं वीस शब्द वाचले, बाईंच्या सुरात, हं सकट. साहेब म्हणाले, "वा सर! काय तयारी आहे!" वाचताना ती पट्टीकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

सोमवारी तिचे वडील दाखला न्यायला आले. ठेका संपला, वाळूजला काम मिळालं, दुपारी टेम्पो निघणार. ती शेजारी, पाठीला दप्तर.

"आणखी पंधरा दिवस नाही का थांबता येणार?" मी विचारलं.

"खोली सोडली ना सर. काऊन?"

"जरा वाचन करून घ्यायचं होतं."

"वाचतीय की! गाडीवर म्होरं बसती आन् दुकानाच्या पाट्या सगळ्या वाचून दावती. मला कुठं येतंय वाचाया."

प्रगतिपत्रकात शेऱ्याची जागा रिकामी होती. पेन टेकवलं आणि थांबलो. समोर मुख्याध्यापिकाबाई उभ्या होत्या. "अहो, विचार कसला करताय? साहेबांनी शाबासकी दिलेली मुलगी आहे." मी लिहिलं: वाचन उत्तम.

वडिलांनी कागद दोन्ही हातांनी घेतला आणि तिच्यापुढे धरला. "वाच गं, काय लिहिलंय सरांनी?"

तिनं शाईकडे बराच वेळ बघितलं. मग बोट ठेवून, सावकाश म्हणाली, "मला सगळे शब्द येतात."

मी दोनच लिहिले होते. तिनं चार वाचले. बाप हसून माझ्याकडे बघत राहिला.

"बरोबर आहे," मी म्हणालो.