रजिया खालाचं पानदान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. संघटनेतल्या पोरांना नाही, घरी आईलाही नाही. पत्रकं लिहून लिहून सवयच अशी झालीय की बोट नेहमी समोरच्याकडं. आज ते स्वतःकडं वळवायचंय — आणि बघा ना, सुरुवातीलाच अडखळून राहिलोय.

आधी त्या संग्रहालयाबद्दल सांगतो. त्याची बदनामी मी गावभर केली, कौतुक मात्र कधीच केलं नाही. लातुरातली ती निजामाच्या काळची दगडी इमारत. आत हत्तीची अंबारी, मुठीवर सोन्याचं पाणी चढवलेल्या तलवारी, जरीचे अंगरखे — खांद्यापाशी विटलेले; कुण्या सरदाराचा घाम तिथं अजून मुरलेला असावा. आणि टोकाच्या कपाटात बिदरी भांडी. बिदर इथून असं किती लांब? तरी आमच्या पोरांना ते काम ठाऊक नाही. काळ्याभोर धातूत चांदीची तार ठोकून बसवलेली, केसाएवढी बारीक. त्यातली वेल सुरू कुठं होते आणि संपते कुठं, हे शोधत मी तासन्‌तास उभा राहिलोय. हो, मीच! राजेशाहीविरुद्ध घसा फोडणारा मी तिथं चोरून जायचो. इतकं सुंदर दुसरं काही मी आजवर पाहिलेलं नाही.

त्या कपाटात एक पानदान होतं. घुमटासारखं झाकण, कडेचा टवका उडालेला. ते कुण्या राजाचं नव्हतंच. आमच्या गल्लीत बांगड्या विकणाऱ्या रजिया खालाचं होतं. तिचे अब्बा बिदरचे कारागीर; लेकीच्या लग्नात त्यांनी ते स्वतः घडवून दिलेलं. भूकंपात तिचं किल्लारीकडचं घर बसलं, नवरा गेला. ढिगाऱ्यातून हे एवढंच निघालं. लातुरात आल्यावर तिनं ते संग्रहालयाला देऊन टाकलं. का? “माझ्या छपराचा काय भरोसा, बेटा? तिथल्या भिंती जाड हायेत.” दर शुक्रवारी जायची आणि काचेवरून पदर फिरवून यायची. हे सगळं मला माहीत होतं. सगळं.

मग आमचं आंदोलन सुरू झालं. क्लासेससाठी गावोगावची पोरं लातुरात आलेली, एकेका खोलीत कोंबलेली, पुस्तक उघडायला जागा नाही. संग्रहालयाचं दालन अभ्यासिकेला द्या! मागणी खोटी नव्हती, आजही तेच म्हणतो. पण पत्रकाला टोचणारा शब्द लागतो. अंबारी टोचत नाही. पानदान तर मुळीच टोचत नाही. मी लिहिलं — ‘निजामाच्या फुटक्या थुंकदाणीला महाल, आमच्या पोरांना पत्र्याची खोली!’

शब्द चालला हो. भिंतींवर गेला, रिक्षांच्या पाठीवर गेला. पोरं कपाटापाशी जाऊन टवका बघायची — हीच ती!

सभेत खाला उभी राहिली. बायकांच्या बाजूनं, अंग चोरून.

“बेटा, ती थुंकदाणी न्हाई. माझ्या अब्बाचं पानदान हाय ते.”

सगळं मैदान माझ्याकडं बघत राहिलेलं. तिच्या एका वाक्यानं माझं पत्रक कोसळणार होतं. आणि मी काय म्हणालो?

“खाला, पान खाल्लं की थुंकावं लागतंच की!”

हशा. शिट्ट्या. आणि — हे लिहायला सगळ्यात जड जातंय — खालाही हसली. सगळे हसताहेत म्हणून. तोंडाला पदर लावून हसली आणि खाली बसली.

आम्ही जिंकलो. वस्तू दुसऱ्या शहरातल्या सरकारी गोदामात जाणार होत्या. सामान भरायला आमचीच पोरं. वस्तू गुंडाळायची, पेटीत ठेवायची, पेटीवर नाव घालायचं. घोषणा रंगवून माझा हात बसलेला, म्हणून नावं घालायला मला बसवलं. पानदान आलं. एक पोरगं ओरडलं, “भाऊ, आपली थुंकदाणी आली!” आता सभा नव्हती, शिट्ट्या नव्हत्या, विरोधातही कुणी नव्हतं. मग कुणाला भ्यालो मी? त्या पोराला? ब्रश बुडवला आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं — थुंकदाणी.

पुढं खाला संग्रहालयाच्या कचेरीत चौकशीला गेली. तिथल्या साहेबांनी पेट्यांवरच्या नावांची यादी चाळून सांगितलं, पानदान नावाची वस्तूच आमच्याकडं नाही. ती पुन्हा गेली, पुन्हा तेच. शेवटी माझ्याकडं आली. तिची नात आता त्याच दालनात बसून डॉक्टरकीच्या परीक्षेचा अभ्यास करते, त्यामुळं खाला मला मानते.

“लई चांगलं काम केलंस, बेटा. पोरींना बसायला जागा झाली. तुझी वळख हाय तिकडं. तेवढं अब्बाचं पानदान कुठं हरवलं, बघशील?”

हरवलेलं नाही ते. कुठल्या नावानं शोधायचं, ते मला माहीत आहे.

“बघतो, खाला,” म्हणालो.

त्यानंतरही ती येत राहिली. दर वेळी मी हेच म्हणालो.