तीन विहिरी, एक वावर

परतवाड्यातल्या माझ्या टीव्हीच्या दुकानात देवमनकाका संत्र्याच्या बागेतून थेट आले, तेही तणतणत. त्यांच्या टीव्हीला एचडीएमआयचं भोक एकच आणि डबे तीन: काकूंचा डिशचा, सुनेचा सिनेमांचा, नातीचा गेमचा. ते जोडायला मी दिलेली डबी त्यांनी काउंटरवर आदळली.

"मले तीन विहिरीचं पाणी एका वावरात आणाचं हाय. तू एका विहिरीचं तीन वावरात नेणारी देऊन राहिला! कुठी शिकला बे तू?"

काका सातवी शिकलेले. मी डिप्लोमावाला, पण तिनाचं एक करणाऱ्या स्विचऐवजी एकाचे तीन करणारा स्प्लिटर दिला होता. लगेच बदलून दिला.

तेव्हापासून गिऱ्हाइकाला मी आधी विचारतो, "विहिरी किती, वावरं किती?"

"म्हणजे काय?" असं अजून एकानंही विचारलेलं नाही.