डोंग्याला लावलेलं इंजिन

माझ्या पोलिसातल्या नोकरीत तपासलेल्या खुनांबद्दल लोक उत्सुकतेने विचारतात. मला मात्र आधी एक गवत कापायचं मशीन आठवतं, आणि ते प्रकरण काही केल्या मनातून जात नाही. गुन्हा साधा चोरीचा होता. या पुस्तकात नावं कुणाचीच घेणार नाही. ती माणसं अजून तिथेच नांदतात.

निवृत्तीआधीची माझी शेवटची नेमणूक मलकापूरकडच्या एका ठाण्यात होती. हद्दीत एक धरण. एके सकाळी हजेरी चालू असताना चाळिशीचा एक शेतकरी तावातावाने आत आला. शेतातल्या कोठ्यातून, म्हणजे गुरांच्या गोठ्यातून, त्याचं पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं मशीन गेलं होतं. वडिलांनी घेतलेलं, पण पावती त्याच्या नावाची.

"सापडला तं सोडू नोका सायेब, कोणी का असेना!" एवढं बजावून तो गेला. आम्ही गुन्हा दाखल केला.

आठेक दिवसांनी आमच्या खबऱ्याचा फोन आला. तो धरणावर मासे विकत घ्यायला जायचा. "सायेब, एक डोंगा बिना वल्ह्याचा पळून राह्यला. फटफट आवाज करते."

हवालदाराला घेऊन काठावर गेलो, आणि खरं सांगतो, मी पोलीस आहे हे क्षणभर विसरलो. मशीनची लांब नळी पाण्यात सोडलेली होती. जिथे गवताचं पातं असतं तिथे जाड पत्र्यातून कापलेला तीन पात्यांचा पंखा होता. सगळं धूड डाव्या-उजव्या बाजूला वळावं म्हणून डोंग्याच्या मागच्या फळीवर सायकलच्या पुढच्या चाकाचा चिमटा वेल्डिंग केलेल्या पट्टीने बसवला होता. कुठेही विकतचा सुटा भाग म्हणून नाही. इंजिनाचा नंबर मात्र पावतीशी तंतोतंत जुळला.

डोंगेवाला मोटारपंप दुरुस्त करणारा मिस्त्री निघाला. हवालदार माझ्या कानाशी लागला, "सर, हा फिर्यादीच्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे. बायको धरणापलीकडच्या उपकेंद्रात नर्स आहे, कंत्राटी." रस्त्याने उपकेंद्राला जायचं तर धरणाला वळसा, आणि दिवसाला दोनच एसट्या. पाण्यावरून गेलं तर समोरच.

ठाण्यात आणून विचारपूस सुरू केली. पहिल्याच प्रश्नाला त्याने कबुली देऊन टाकली.

"म्या चोरलं, सायेब. लेहून घ्या."

"कसं चोरलं?"

"कोठ्यात गेलो, उचललं, आलो."

फिर्यादीला बोलावलं. बहिणीच्या नवऱ्याला बाकावर बसलेलं पाहून त्याचा सगळा ताव उतरला. "जवाईबापू, मांगलं असतं तं देल्लं नसतं काय म्या?" एवढंच तो म्हणाला.

अशा गुन्ह्यात नोटीस देऊन सोडता येतं. पण कबुली मिळाली, नंबर जुळला, मी अटक दाखवून मोकळा झालो.

इंजिन चालू स्थितीत आहे की नाही हे पंचनाम्यात लिहायला हवं, असं हवालदाराने सुचवलं. निमित्त पंचनाम्याचं; पाहायची हौस सगळ्यांनाच होती, माझ्यासकट. ठाण्यामागच्या पाण्याच्या टाकीत नळी बुडवून दोरी ओढली. आरोपी ओरडला, "रेस हळू द्या, सायेब!" पण हवालदाराने तोवर ती पूर्ण पिळली होती. टाकीतलं अर्धं पाणी पंचांच्या अंगावर आणि पंचनाम्यावर. तो पुन्हा लिहावा लागला.

त्या गोंधळात आरोपी पहिल्यांदा हसला. पहिला पंखा कूलरचा लावला तर तो पाण्यात घडी होऊन बसला. दुसरा ड्रमच्या पत्र्याचा, तर डोंगा थरथर कापायचा. तिसरा चार दिवस कानशीने घासला, तिन्ही पाती सारख्या वजनाची होईपर्यंत. सांगता सांगता माणूस खुलला होता. मी सहज विचारलं, "एवढा खटाटोप कोणासाठी?" त्याने उत्तराऐवजी पंख्यावरचं पाणी पुसायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत त्याला कोर्टापुढे उभं करायचं होतं. सकाळी पंचांसमक्ष चोरीची जागा दाखवायला नेलं. त्याने कोठ्यातला दाराजवळचा कोपरा दाखवला. फिर्यादी गोंधळला. "तिथी नव्हतं. वर माळ्यावर, पोत्यात बांधून होतं." जाग्यावरच माझ्या लक्षात आलं की हा माणूस मशीन न्यायला इथे आलेलाच नाही.

ठाण्यात परतलो तर नर्सबाई ड्युटीच्या कपड्यांत उभ्या. "त्याईले सोडा. मशीन म्या नेलं."

"खोटं बोलून राह्यली!" मिस्त्री ताडकन उठला. मग बायकोकडे वळून हळूच म्हणाला, "तुयी पर्मनंटची ऑर्डर याच महिन्यात निंगते ना! गुन्हा लागला तं घेतीन काय कोणी?"

"अन तुमाले जेल झाली तं मी त्या नोकरीले काय करू?" बाई त्याच्यावर उसळल्या, मग माझ्याकडे वळल्या. "सायेब, वारा सुटला का डोंगा वल्हवून पोचाले घंटा लागते. मांगं एक बाई अडली होती, मी पाण्यातच होती. ती वाचली, पण मले झोप येत नव्हती. माहेरी जाऊन मशीन आणलं."

"चोरून?"

"आणलं म्हणते ना, तेवढंच लेहा." आता त्या माहेरच्या कोणाला तरी वाचवत होत्या.

मी गाडी काढली आणि फिर्यादीच्या घरी गेलो. म्हातारे वडील अंगणात खाटेवर बसले होते. काही न विचारता मी शेजारी टेकलो. ते आपणहून बोलले.

"मीच देल्लं पोरीले. हा पोरगा बजारले गेल्ता. आला का सांगन म्हणलं, तं हा तवरीक ठाण्यात जाऊन आला. मंग भेव लागलं."

फिर्यादी मागे उभा होता. पोराचा स्वभाव तापट, मशीनवर त्याचा जीव. बापाला स्वतःच्याच घरात खरं बोलायची भीती वाटली होती. तो बापाच्या पायाशी बसून रडला.

सगळ्यांचे पुरवणी जबाब घेऊन मिस्त्रीला वेळेत कोर्टापुढे नेलं. तो सुटला. पुढे गैरसमजुतीतून दिलेली फिर्याद म्हणून 'क' समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, कोर्टाला पाठवली, ती मंजूर झाली. नर्सबाईंची ऑर्डरही निघाली. पावती फिर्यादीची, म्हणून इंजिनाचा ताबा त्यालाच मिळाला. तो घ्यायला आला तेव्हा सही करून घुटमळला.

"सायेब, हे बहिणीले चोळी-बांगडी म्हणून देल्लं, असं लेहता काय?"

तसा रकाना नाही म्हटल्यावर त्याने स्वतःच सहीखाली तसं लिहिलं. मग इंजिन खांद्यावर घेऊन धरणाची वाट धरली.

खोटं बोलणारी माणसं मी नोकरीभर पाहिली. बहुतेक सगळी स्वतःचा जीव सोडवायला बोलायची. एकमेकांसाठी खोटं बोलणारं हे घर पाहून मला त्यांचा हेवा वाटला. सहज मिळालेली कबुली दोनदा तपासावी, हे मी त्यानंतर नव्या फौजदारांना सांगत आलो. पण मिस्त्रीला सांगायचं ते राहूनच गेलं. माझ्या घाईपायी त्याला एक रात्र कोठडीत काढावी लागली. त्याच्या हातात कधी हे पुस्तक पडलं तर त्याने एवढं वाचावं: चूक माझी होती, मला माफ कर.