वाऱ्याच्या आठवड्यातली मोजणी

मोजणीच्या दिवसांत सकाळी आठच्या ठोक्याला फिल्टरकाका चौकातल्या वाहतूक चौकीच्या गच्चीवर चढत. हे नाव त्यांना प्रयोगशाळेतल्या पोरींनी दिलेलं. हवा ओढणाऱ्या यंत्राचं झाकण उघडायचं, चिमट्याने कालचा धूळ टिपलेला गोल कागद काढून पाकिटात घालायचा, नवा पांढराशुभ्र बसवायचा. सव्वीस वर्षं, जिथे मोजणी लागेल तिथे हेच. कागद वजनकाट्यावर जाण्याआधीच नुसता रंग बघून ते आकडा सांगत, आणि फारसे चुकत नसत.

या वेळी मात्र त्यांना कागदाकडे बघवेना. मोजणीच्या तिन्ही दिवशी तो नुसता फिकट राखाडी निघाला होता.

चौकीसमोरच त्यांच्या धाकट्या बहिणीची बालवाडी होती. मालमोटारी दिवसभर तिच्या खिडक्यांना खेटून जात. मालमोटारींना हा रस्ता बंद करायचा की नाही, हे या तीन कागदांवर ठरणार होतं. काकांनी तारीख स्वतः निवडून दिली होती. कडक थंडीत असे काही दिवस येतात की पानही हलत नाही. वर ऊबदार हवा झाकणासारखी बसते आणि गाड्यांचा धूर खालीच कोंडतो. पण ऐनवेळी वरून पाहुणे अधिकारी आले, यंत्र आणायची गाडी त्यांच्या दिमतीला गेली आणि मोजणी आठवडाभर पुढे ढकलली. त्या आठवड्यात मुलं खोकून खोकून बेजार झाली. मोजणी सुरू झाली, त्याच पहाटे वारा सुटला.

काकांनी अहवालाच्या शेऱ्यात लिहिलं, ‘तिन्ही दिवस जोराचा वारा. हे आकडे नेहमीचे समजू नयेत.’

प्रयोगशाळेतल्या साहेबांनी तो वाचून चष्मा कपाळावर सरकवला. “काका, शेरा यंत्र बिघडलं तर लिहायचा असतो. बिघडलंय का?”

“यंत्र ठणठणीत आहे साहेब. दिवस चुकलेत.”

“वाऱ्याचा रकाना आहे का यात?”

“नाही ना. तेच तर म्हणतोय.”

“मग खोडा.”

काकांनी खोडलं नाही. साहेबांनी कोरा नमुना काढून आकडे उतरवून घेतले, शेजारच्या टेबलावरच्या बाईंची सही घेतली आणि अहवाल पाठवून दिला. हवा मर्यादेत. रस्ता चालू.

दुपारी काका बालवाडीत गेले. मुलं घरी गेली होती. बहीण खिडकीची कड ओल्या फडक्याने पुसत होती.

“दादा, झोपलं होतं का रे तुझं यंत्र?”

“यंत्र जागं होतं. आम्ही झोपलो होतो.”

“मग पुन्हा मोजा.”

“अर्ज कर. तीन महिने लागतील. तोवर वाऱ्याचे दिवस, मग पाऊस. तेव्हाचे आकडे बघून लोक इथे हवापालटाला येतील.”

ती हसली नाही. फडकं पिळून टाकत म्हणाली, “तूच लिही अर्ज. तुला कळतं त्यातलं.”

वीतभर उंचीच्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन त्यांनी लिहायला घेतलं. ‘मोजणी पुढील थंडीत, वारा पडलेल्या दिवसांतच व्हावी.’ तिने खांद्यावरून वाचलं.

“पुढच्या थंडीत? ही पोरं तोवर पहिलीत गेलेली असतील रे.”

“दुसरी येतील की,” ते बोलून गेले, आणि बोलल्याबोलल्या त्यांना स्वतःचाच इतका संताप आला की ते वर बघेनात.

“सही कर,” एवढंच म्हणून त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला.