स्वतःबद्दल दोन पानं

माणसाला शेजाऱ्याबद्दल विचारा, चहा गार होईपर्यंत बोलेल. स्वतःबद्दल दोन पानं लिहा म्हणा, की पेन चालत नसतं, चष्मा घरी राहिलेला असतो, नाहीतर पाहुणे येणार असतात. लातूरच्या एका शाळेत मराठी शिकवून मी निवृत्त झाले, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात मला हे सगळं दर रविवारी बघायला मिळालं. त्या उन्हाळ्याचे किस्से इतके साठलेत की आता घरात ऐकायला कुणी उरलं नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

झालं असं, की नांदेडच्या एका संस्थेत मोठ्या वयाच्या लोकांसाठी समाजकार्याची पदवी सुरू झाली. नोकरी, शेती, संसार सांभाळून करायची. बारावी झालेली असली की बास, वयाची अट नाही. फक्त अर्जाबरोबर एक ‘पर्सनल स्टेटमेंट’ जोडायचं. तुम्ही कोण, इथवर कसे आलात आणि आता या वयात का शिकायचंय, हे स्वतःच्या शब्दांत.

आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनी एक वर्ग उघडून दिला. मला म्हणाले, "बाई, चौघं जण हायत. जरा लिहायला बसवा त्यांना."

मी म्हटलं, चौघंच तर आहेत, दोन रविवारांत उरकेल. अख्खा मे गेला आणि वर जून लागला.

*

पहिल्या रविवारी सगळ्यात आधी आले ते इस्माईलभाई. अहमदपूरचे, एसटीत कंडक्टर. आल्या आल्या त्यांनी पिशवीतून एक कोरा करकरीत लिफाफा काढून माझ्यापुढं ठेवला.

"झालं बाई माझं. स्टेटमेंट आणलंय."

मी खूश झाले. लिफाफा उघडला तर आत बँकेचं स्टेटमेंट. मागच्या सहा महिन्यांचं, शिक्का-सहीसकट.

मी हळूच म्हटलं, "इस्माईलभाई, हे नाही लागणार."

त्यांचा चेहरा पडला. "पर्सनलच हाय की बाई. बायकोला पण दाखवलं न्हाई."

*

मागच्या बाकावर बसलेले हवालदार गालात हसत होते. नाव गणपतराव, पण उभं लातूर त्यांना हवालदारच म्हणतं. पोलिसांत नोकरी झाली, निवृत्त झाले, आता शिकायचं डोक्यात घेतलेलं.

"अहो भाई," ते म्हणाले, "स्टेटमेंट म्हणजे जबाब. हजारभर लिहिलेत मी." आणि तिथंच बसून, एकही खाडाखोड न करता, त्यांनी पान भरून माझ्या हातात दिलं. ते मला अजून जवळजवळ पाठ आहे.

‘मी समक्ष विचारल्यावरून जबाब लिहून देतो की, मी वरील ठिकाणी पत्नी व मुलासह राहण्यास असून सध्या निवृत्त आहे. दरम्यानच्या काळात मला शिक्षणाची ओढ निर्माण झाली. त्याबाबत माझी कोणाविरुद्ध काही एक तक्रार नाही. वरील जबाब मी वाचून पाहिला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’

मी म्हटलं, "हवालदार, अक्षर सुंदर आहे. पण जरा मनातलं लिहा ना."

ते गंभीर झाले. "मनातलं लिहिलं की कोर्टात टिकत न्हाई, बाई."

*

पुढच्या रविवारी हवालदारांनी नवं पान आणलं. या खेपेला टाईप केलेलं. वाचायला लागले तर भाषा अगदी गुळगुळीत. ‘बालपणापासूनच मला समाजसेवेची आवड आहे’ वगैरे. आणि दुसऱ्या परिच्छेदात, ‘मी एक सामान्य गृहिणी असून घरची सर्व कामे आटोपून उरलेल्या वेळात अभ्यास करते.’ खाली हवालदारांची झोकदार सही.

झेरॉक्सच्या दुकानात तयार मजकूर मिळतो, तो यांनी न वाचता आणला होता. मी ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. आयुष्यभर लोकांना ‘वाचून सही करा’ म्हणून दटावलेला माणूस. मला वाटलं, आता चिडतील.

त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा वर सरकवला, पुन्हा एकदा वाचलं आणि म्हणाले, "रिटायर झाल्यापासून तसंच चालू हाय. फरक काय न्हाई."

त्या दिवशी मात्र हसता हसता ते मोकळे झाले. सांगायला लागले. चौकीत नवरा-बायकोची भांडणं यायची. साहेब म्हणायचे, दम द्या आणि पाठवून द्या. हे दम द्यायचे, ती जोडी घरी जायची आणि पुढच्या महिन्यात तीच बाई, तोच डोळा सुजलेला.

"पोलिसाला भांडण सोडवायला शिकवतात, बाई. मिटवायला कुणी शिकवत न्हाई. ते कुठं शिकवत असले तर शिकावं म्हणतो."

मी म्हटलं, "हेच लिहा. असंच."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी लिहिलं. शेवटी ‘वाचून पाहिले, बरोबर आहे’ हे मात्र काही केल्या काढू दिलं नाही.

*

इस्माईलभाईंचं दुखणं वेगळं होतं. बाकावर बसले की त्यांना सुचायचंच नाही. तासभर कोऱ्या कागदाकडं बघत बसायचे आणि मग म्हणायचे, "माफ करा बाई, डोकंच चालेना झालंय."

एकदा कंटाळून ते उठले आणि बाकांच्या मधून फेऱ्या मारायला लागले. एक हात या बाकाच्या पाठीवर, दुसरा त्या बाकाच्या. आणि काय आश्चर्य, बोलायला लागले. मी झटकन कागद ओढून घेतला आणि लिहीत सुटले.

"आमच्या गाडीत म्हाताऱ्या लई येतात बाई, दवाखान्याला निघालेल्या. हातात कागदाची गुंडाळी. मला विचारतात, बेटा, लातूरला उतरल्यावर कुठं जाऊ? कुठल्या खिडकीवर उभं राहू? कोणता कागद आधी दाखवू? मला तिकीट फाडता येतंय. खिडकी सांगता येत न्हाई. त्या उतरतात, गाडी निघते, आणि मी मागच्या काचेतून बघतो तर म्हातारी तिथंच उभी असती."

इथं ते थांबले आणि बाकावर बोटानं एकदा टक् केलं. पुन्हा बोलायला लागले. थोड्या वेळानं टक् टक् केलं. मला कळेना. हवालदारांनी मागून खुलासा केला, "एक बेल म्हणजे पूर्णविराम. डबल बेल म्हणजे नवा परिच्छेद. लिहा तुम्ही."

नंतर ते सगळं त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवून काढलं. उभ्यानं, खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून.

*

तिसरी मंदा. औशाजवळच्या एका खेड्यातली, शेतकरी घरातली सून. लग्नानंतर बारा वर्षांनी बारावी झालेली. तिला गावात शाळा सोडलेल्या मुलींसाठी काहीतरी करायचं होतं, हे तिनं बोलताना छान सांगितलं होतं. तिचा नवरा दत्ता दर रविवारी तिला मोटारसायकलवर घेऊन यायचा आणि लिंबाखाली बसून राहायचा.

मंदानं दोन पानं गच्च भरून आणली. सासऱ्यांनी विहीर कशी खणली, सासूबाईंचा गुडघा, दिरांची नोकरी, नवऱ्याचा कष्टाळू स्वभाव, थोरल्याचा नवोदयचा अभ्यास, धाकटीची खोड. म्हैस पण होती. वाचून संपलं तरी ही बाई काही मला सापडेना.

मी विचारलं, "मंदा, यात तू कुठं आहेस गं?"

तिनं कागद उलटून शेवटाकडं बोट दाखवलं. "ही काय, सही केली की."

मी तिला म्हटलं, आता असं लिही की प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘मी’नं होईल. ती लाजली, घाबरली, दोनदा रडवेली झाली. पण पुढच्या रविवारी लिहून आणलं. ‘मी दहावीत शाळेत पहिली आले होते. मी हे सासरी कुणाला सांगितलं नाही.’ इथून सुरुवात. लाल पेन पर्समध्ये ठेवून दिलं.

ते पान बाहेर दत्तानं वाचलं. वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला.

"बाई, ह्यात माझं नाव कुठंच न्हाई."

मंदा आतून म्हणाली, "मागल्या कागदावर होतं. बाईंनी खोडलं."

पुढचे दोन रविवार दत्ता माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या रविवारी पाडाच्या आंब्यांची पिशवी घेऊन आला. ती टेबलावर ठेवली, जरा घुटमळला आणि म्हणाला, "दहावीत पहिली आलती, हे आमच्या आईला सांगितलं. आईनं गल्लीत सांगितलं. आता तेवढं म्हशीचं तरी राहू द्या बाई. ती हिचीच हाय."

म्हशीची एक ओळ मग आम्ही ठेवली.

*

चौथी सुमन. तीही औसा तालुक्यातलीच, गावात आशा वर्कर. तिला लिहायची अडचण नव्हती, बसायची होती. दोन ओळी झाल्या की फोन वाजायचा. कुणाच्या कळा सुरू झालेल्या, कुणाच्या लेकराला ताप. ती उठून व्हरांड्यात जायची आणि तिथून आवाज यायचा, "घाबरू नको. गाडी निघालीय. मी येऊन राहिले."

एका रविवारी ती अशीच अर्ध्यातून गेली. पुढच्या वेळी आली ती प्रसन्न. वाटेत गाडी बंद पडली होती, बाळंतपण रस्त्याच्या कडेला जीपमध्येच करायची वेळ आली होती, आणि आई-लेक दोघी सुखरूप होत्या. सगळा वर्ग ऐकत होता. मी म्हटलं, "सुमन, तुझं स्टेटमेंट झालं. हेच लिही."

तिनं पेन उचललं, परत ठेवलं. मग म्हणाली, "बाई, ही गोष्ट तिची हाय. माझ्या प्रवेशासाठी मी कशी वापरू?"

पस्तीस वर्षं निबंध तपासले, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

सुमननं ते स्वतःच सोडवलं. बाळंतिणीकडं गेली आणि सरळ विचारलं, तुझं नाव न घालता लिवू का? ती पोरगी म्हणाली, "नाव घाल की. आणि पोरगी गोरी हाय ते पण लिव."

नाव तिनं घातलं नाही. गोरीही लिहिलं नाही. ‘मुलगी रडली, तेव्हा जीपचा ड्रायव्हरही रडला,’ एवढं लिहिलं.

*

चौघांनाही प्रवेश मिळाला, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको. पण त्याआधी नांदेडला मुलाखती झाल्या. आम्ही सगळे सकाळच्या एसटीनं गेलो. सुमनबरोबर तिचे वडील, आबा, आले होते. धाकटी लेक नांदेडजवळच्या उमरीला दिलेली, तर मुलाखत झाल्यावर तिच्याकडं जाऊन येऊ, असा त्यांचा बेत. धोतर, पांढरा सदरा, हातात काठी. आयुष्य लोकांच्या रानात राबण्यात गेलेलं, कंबरेत वाकलेले, पण कान तिखट.

बाहेर व्हरांड्यात ऊन येत होतं. आबांनी दारावरच्या शिपायाला हात जोडून "जय भीम" केला. तो म्हणाला, "जय भीम बाबा. इथं कशाला भाजताय, आत पंख्याखाली बसा." आणि त्यांना सरळ मुलाखतीच्या खोलीतच मागच्या खुर्चीवर बसवलं. मीही चौघांची बाई म्हणून तिथंच बसले होते. कुणी हरकत घेतली नाही.

सुमनची पाळी आली. समोर तिघं होते. मधल्या मॅडम वयानं मोठ्या, शांत. त्यांनी सुमनचे कागद चाळले. जीपचं वाचून मान हलवली. मग अर्जावर बोट ठेवलं.

"सुमनताई, शिक्षण सुटण्याचं कारण विचारलंय, तिथं बहुतेक सगळ्यांनी ‘घरगुती अडचण’ लिहिलंय. तुम्ही लिहिलंय, ‘रस्ता नव्हता.’ जरा सांगाल का?"

सुमननं सांगितलं. गावात सातवीपर्यंतच शाळा. हायस्कूल पलीकडच्या गावात. मधे ओढा, पूल नाही, पावसाळ्यात जाणं-येणं बंद. म्हणून सातवीनंतर सुटलं. मग लग्न, मग लेकरं, मग त्यांच्याबरोबर बसून दहावी आणि बारावी. न अडखळता, कुणाला बोल न लावता सांगितलं. मॅडमनी लिहून घेतलं. दुसरे सर पुढचा प्रश्न विचारणार, तेवढ्यात मागं काठी वाजली.

आबा उभे राहिले होते.

"रस्ता व्हता, साहेब."

सगळे वळून बघायला लागले. सुमन तेवढी वळली नाही.

"कच्चा व्हता, पर व्हता. हिच्या संगतीच्या दोघी त्याच रस्त्यानं जात व्हत्या. म्या धाडली न्हाई."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. आबा तसेच उभे, काठीवर दोन्ही हात, जणू पुढचा प्रश्न आता त्यांनाच विचारला जाणार आहे.

सुमननं पदर सारखा केला. समोर बघत, अगदी हळू आवाजात म्हणाली, "आबा, बसा. मुलाखत माझी हाय."