मास्तरांची डावी बाजू

बुधवार, १२ फेब्रुवारी. दुपारच्या जेवणाचा ठेचा कुटत होते, तेवढ्यात फोन वाजला. गडाच्या खेळातली सूचना होती : मास्तरांनी टोळीची सरदारकी तुमच्याकडे दिली आहे. वर्षभर माझ्याशी एक शब्दही न बोललेल्या माणसाने! मी बत्ता खाली ठेवला.

मास्तर भेस्तानमधल्या एका लूमखात्यात कापड विणायची मशिनं सांभाळत. मूळचे शिरपूरकडचे, आमच्याच भागातले. जेवायला माझ्या खानावळीत येत. खातं भिंतीपलीकडेच. चोवीस लूम एकदम धडधडत असले तरी त्यातला कोणता थांबला, हे त्यांना ताटावर बसून कळे. हातातला घास तसाच धरून म्हणत, "सातवा थांबला." कारीगर बोलवायला येई, तोवर मास्तरांनी चपला घातलेल्या असत. त्यांच्या कानाचा सगळ्यांनाच इतका भरवसा होता, की त्यांच्या डोळ्यांकडे कोणी पाहिलंच नाही. मीसुद्धा नाही.

जेवताना फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ते तो खेळ खेळत. गडाभोवती बुरूज बांधायचे, शत्रू चालून आला की आपला वीर बोटाने फिरवत लढवायचा. आमची तिघांची टोळी होती : मास्तर, मी आणि खात्यात बॉबिन भरणारी सुनंदा. मी सुरुवातीला वीर घेऊन लोकांच्या गडांवर धावत सुटायचे. मास्तर खेकसत, "ताई, वीर मिरवायला गेला तर दार कोण लावेल?" त्यांचा वीर दरवाजा सोडत नसे.

"मास्तर, तुमचा वीर आहे का वॉचमन?" सुनंदा विचारी.

"वॉचमनच शे. म्हणून गड उभा शे," मास्तर आपल्या शिरपूरकडच्या बोलीत सांगत.

मागच्या वर्षी थंडीत एका मोठ्या टोळीने दुपारीच आमच्या गडावर चाल केली. आम्ही तिघं एकाच टेबलावर. मागचा दरवाजा माझ्याकडे, उजवी भिंत सुनंदाकडे आणि डावी मास्तरांकडे. शत्रू डावीकडूनच आला. बुरूज पेटला. मास्तर मात्र वीराला घेऊन उजवीकडे सरकत राहिले.

"मास्तर, डावीकडे! डाव्या अंगाला बघा!"

"तिकडे काही नाही," मास्तर शांतपणे म्हणाले.

दुसरा बुरूज पडला, मग दरवाजा. एकही सामना न हरलेला गड गेला. सुनंदा हसत सुटली, "आज मास्तर दार लावायला विसरले!" मास्तर गोंधळून पडद्याकडे बघत होते. "पण आले कुठून हे?"

मला हसू आलं नाही. माझी नजर त्यांच्या ताटावर गेली होती. भाकरी संपलेली, भाजीची वाटी चाटून पुसलेली. डावीकडचा ठेचा, कांदा, लिंबाची फोड जशीच्या तशी. ठेच्यासाठी भांडणारा हा माणूस. आठवडाभर त्यांचा ठेचा ताटात परत येत होता आणि मी समजत होते, पित्त वाढलं असेल. विचारलंही नव्हतं.

मी म्हटलं, "ठेचा नको का आज?"

"तू वाढलास कुठे?"

मी ताट धरून अर्धं फिरवलं. ठेचा उजवीकडे आला. मास्तर खूश झाले. "आत्ता वाढलास होय!"

तेवढ्यात त्यांनी कान टवकारले. "सातवा थांबला." आणि ते उठले.

सातव्या लूमकडे जाणारी गल्ली एका माणसापुरती. डाव्या हाताला मोटरचा पट्टा, त्यावर जाळी नाही. मी खात्याच्या दारात जाऊन उभी राहिले.

"ताई, बाजूला हो."

"नाही."

"माल अडलाय. शेठ बोंबलतील."

"बोंबलू द्या. तुम्हाला डावीकडचं दिसत नाही."

"मला? मी तीस वर्षं या पट्ट्याशेजारून चालतोय!" त्यांनी माझा हात झटकला. डावा खांदा चौकटीवर आपटला. चौकट होती हे त्यांना आपटल्यावर कळलं. तरी म्हणाले, "ढकललंस मला?"

सुनंदाचं हसू उतरलं. मी तिला शेठकडे पिटाळलं, सांगितलं, "मास्तर आत येणार नाहीत म्हणावं, आणि का तेही सांग." त्यांना रिक्षात घातलं. वाटभर ते मला शिव्या घालत होते. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला. रक्ताची गुठळी अडकली होती. डाव्या बाजूची नजर गेली होती, आणि अशी गेलेली नजर खुद्द माणसालाही कळत नाही म्हणाले. जीव वाचला. पण खात्यात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, हे शेठनी दुसऱ्याच दिवशी कळवलं.

मुलगी त्यांना बारडोलीला घेऊन गेली. निघताना मी डबा घेऊन रिक्षापाशी उभी होते. मास्तर समोर बघत म्हणाले, "पट्ट्यानं नाही, ताई. माझा हात तू तोडलास." डबा त्यांनी घेतला नाही.

मी चूक केली असं मला त्या दिवशीही वाटलं नाही, आजही वाटत नाही. फक्त तेव्हापासून परत आलेलं प्रत्येक ताट घासायला टाकण्याआधी मी त्याची डावी बाजू बघते. कोणाचं काही उरलं असेल तर जाऊन विचारते. लोक वैतागतात. वैतागू देत.

सरदारकीची सूचना पुन्हा वाचली. खेळ उघडला. मास्तरांनी गड नव्याने बांधला होता. सगळे बुरूज उजवीकडे दाटीवाटीने. डावी भिंत अख्खी मोकळी, आणि तिथे माझं नाव लावलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदाने रजा टाकली आणि खानावळ सांभाळली. मी ठेच्याचा डबा घेऊन बारडोलीची बस धरली. उसाच्या ट्रकांमागे रखडत पोहोचले, तर मास्तर जेवायलाच बसत होते. मुलीच्या हातातून ताट घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ठेचा उजवीकडे वाढला.