कापलेली स्प्रिंग

मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी मी वडीगोद्रीत मिस्त्रीकाम करत होतो. गॅरेज उस्तादांचं. आमच्याकडं यायचे ते ट्रक, ट्रॅक्टर, जिपा. त्यामुळं जालन्याच्या एका जिनिंगवाल्याचा धाकटा मुलगा दोनच सीटांची, बिनटपाची लाल विलायती गाडी घेऊन आला, तेव्हा आम्ही हात पुसत नुसते बघत राहिलो.

गाडी त्यानं हैदराबादेत जुनी घेतली होती. खड्ड्यात एका अंगानं उडते, ही तक्रार.

"पण सगळं कंपनीचंच आहे हां. विकणाऱ्यानं शपथेवर सांगितलंय."

मी पुढच्या दोन्ही स्प्रिंगा काढल्या, घासलेटानं धुतल्या आणि शेजारीशेजारी उभ्या केल्या. उजवीच्या तारेवर पुसट हिरवा पट्टा होता, नंबर ठोकलेला होता. दोन्ही टोकं घासून सपाट केलेली, म्हणून ती डब्यासारखी उभी राहिली. डावी लवंडली. तार जाड, एक वेढा कमी, नंबर नाही, आणि खालचं टोक गॅसनं कापलेलं. कापल्या जागी पोलाद निळं पडलं होतं. कुणीतरी जड गाडीची स्प्रिंग आणली होती आणि बसेना म्हणून तोडली होती. शॉकअपचंही तेच. उजवा दाबला तर जोर लावावा लागे, सावकाश खाली जाई. डावा रिकाम्या पंपासारखा बसला.

"साहेब, ही कंपनीची न्हाई. चाक खड्ड्यात लोंबलं की ही स्प्रिंग जागेवरून निसटंल. पोलादाला आग लागलीय, तुटंल बी."

"दुसरी कुठं मिळेल?"

"मुंबईला, न्हाईतर हैदराबादला."

"उद्या मला तीर्थपुरीला पाहुण्यांकडं जायचंय. आहे तसं बसव."

मी उस्तादांकडं पाहिलं. ते म्हणाले, "इत्ते दिन चली ना? बसव जल्दी."

मी बसवली. नट बराबर आवळले. "हळू जा," एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका ट्रकवाल्यानं खबर आणली. मी सायकलीवर गेलो. लाल गाडी चारीत कलंडली होती. ती कापलेली स्प्रिंग वीसेक पावलं मागं, रस्त्यात पडली होती. चार-पाच मेंढरं मरून पडलेली. आणि त्यांच्यामागं चालणारा मेंढपाळ बाभळीखाली, घोंगडीनं झाकलेला. गाडीवाल्या मुलाचा जबडा फुटला होता, त्याला जालन्याला नेलं होतं.

फौजदार पंचनामा लिहीत होते. मी स्प्रिंग उचलून त्यांच्यापुढं धरली.

"साहेब, हे लिहून घ्या. ही कंपनीची न्हवती. कालच पाह्यली मी."

त्यांचा हात थांबला. "पाह्यली, मंग बसवून कोणी दिली?"

"मी."

"मंग लिहू का? पहिलं नाव तुझंच येईल."

मी स्प्रिंग खाली ठेवली. त्यांनी लिहिलं, मेंढरं अचानक आडवी आली. खाली पंच म्हणून माझी सही आहे.

तिसऱ्या दिवशी मी त्या मेंढपाळाच्या पालावर गेलो. त्याची बायको कोकरांजवळ बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, स्प्रिंग, माझं बसवून देणं, सहीसुद्धा.

"म्हंजी तुमाला आधीच ठावं व्हतं?"

"हो."

"गाडीवाल्याला सांगितलं. आन लिवणाऱ्याला?"

"सांगितलं. पण मंग मीच लिहू दिलं न्हाई."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "मेंढरं पाण्यावर न्यायची येळ झाली," म्हणाली आणि काठी घेऊन उठली.

तिथून मी थेट ठाण्यावर गेलो, नवा जबाब द्यायला. कागद वर गेला, आता काही होत नाही, असं सांगून मला परत पाठवलं. मी वादही घातला नाही. खरं सांगायचं तर बाहेर पडताना मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाज आजही वाटते.

दोन महिन्यांनी मी उस्तादांचा निरोप घेतला आणि जालन्यात खिडक्यांच्या जाळ्या जोडायच्या कामाला लागलो. त्या मुलाला पुढं कधीमधी बाजारात पाहायचो. तोंड एका बाजूला ओढलेलं. तो मला ओळखायचा की नाही, कोण जाणे. मीच रस्ता बदलायचो.